लग्नाआधी बंदूक जमा

२०२३ साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण बंदूक चालवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं रान. उसात डुकरं शिरतात म्हणून घरात एकनळी बंदूक, सरकारी परवान्याची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. जमा करताना तिथल्या फौजदाराशी माझं हमखास वाजायचं.

"आबा, परवाना पिकाच्या राखणीचा हाय. माणसावर रोखायची न्हाय. अगदी जिवावर बेतलं तरच."

"बेतलं का न्हाय, हे कोण ठरवणार?"

"कोर्ट."

"मग कोर्टालाच बांधावर आणून बसवतो की!"

फौजदार हसायचा. मी हसायचो नाही. माझ्या रानात मी काय करायचं, हे दुसऱ्यानं का सांगावं?

त्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरांनी कापून नेली. नवी टाकली, पण मी इरेला पेटलो होतो. त्यातच नातीचं लग्न ठरत आलेलं. उचगावची पावणं मंडळी दुपारी सुपारी फोडायला येणार होती. घरात पुरण शिजत होतं. मी फेटा बांधून विहिरीकडं एक चक्कर टाकायला निघालो. बंदूक खांद्याला होतीच.

उसात सळसळ झाली. पाल्यातून खाली वाकलेला माणूस दिसला. हातात काहीतरी चकाकलं. कोयताच! मी काडतूस भरलं, नळी रोखली, बोट चापावर ठेवलं.

नेमकं तेव्हाच फौजदाराचं बोलणं आठवलं. जिवावर बेतलंय का? राग व्हय म्हणत होता. पण माणूस तर माझ्याकडं पाठ करून बसलेला. पाठमोऱ्या माणसापासून माझ्या जिवाला कसला धोका? केबल काय, दुसरी आणता येते. मी बोट काढलं नि ओरडलो, "कोण हाय? बाहेर ये!"

"अवो पावणं, थांबा की! धोतर तरी आवरू द्या!"

उसातून नवऱ्या मुलाचे आजोबा बाहेर आले. हातात स्टीलचा तांब्या. वाटेत पोट बिघडलं म्हणून गाडी थांबवून माझ्याच रानात उतरलेले. सोयरीक मोडली, असंच वाटलं. मी नळी खाली केली, काडतूस काढून खिशात टाकलं.

म्हातारा बंदुकीकडं बघत राहिला आणि मग पोट धरून हसत सुटला. "सुपारी फोडायला आलोय, तुमी माझं टाळकंच फोडत हुता की!"

घरी गेल्यावर त्यांनी ही गोष्ट बायकांच्यात एकदा आणि गड्यांच्यात एकदा, हातवारे करून सांगितली. नात हसून हसून बेजार. बायको तेवढी माझ्याकडं बघेना. सुपारी फोडायच्या आधी आजोबा म्हणाले, "मानपान नको, काय नको. लग्नाला लई पावणं येणार, कोण कुठं बसंल सांगता येत न्हाय. तेवढी बंदूक आवरा."

जन्मात कुणाची अट ऐकली नव्हती. ही ऐकली, वर त्यांना पुरणपोळीवर तुपाची धार स्वतः वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा बांधून, बंदूक घेऊन ठाण्यात गेलो. फौजदार चक्रावला. "आबा, निवडणूक कुठाय आता?"

"निवडणूक न्हाय, नातीचं लगीन हाय," मी म्हणालो नि बंदूक टेबलावर ठेवली. "घ्या जमा करून."