मी खाली उतरले नाही

कुवेतमधल्या रुमैथियातल्या एका घरी जेवणं झाली होती आणि पुरुषमंडळी जमिनीवर नकाशा पसरून बसली होती. माझा नवरा धरून त्याच्या रिफायनरीतले चार इंजिनिअर दर जूनमध्ये हिमालयात ट्रेकला जायचे. कुवेतहून सुट्टीवर निघायचं, बायकामुलांना पुण्याला नाहीतर नाशिकला पोचवायचं आणि आपण दहा दिवस डोंगरात. हे पाच वर्षं बिनबोभाट चाललं होतं. त्या वर्षी मनालीच्या वरच्या अंगाला, चौदा हजार फुटांवरच्या एका तळ्याला जायचं ठरत होतं. मासिकातून कापलेला त्या तळ्याचा एक फोटो हातोहात फिरत माझ्याकडे आला. मी तो पाहिला आणि पुढे देताना म्हटलं, "या वेळी मीपण येते."

ज्यांच्या घरी आम्ही जमलो होतो ते भावजी, म्हणजे सगळ्या ट्रेकचे पुढारी, हसून म्हणाले, "वहिनी, तिथे लिफ्ट नसते बरं का."

सगळे हसले. बायकाही हसल्या. भावजींच्या हसण्याचं मला फारसं काही वाटलं नाही, त्यांचा स्वभावच तसा. पण माझा नवराही हसला.

फिंतासला घरी परतताना गाडीत तो म्हणाला, "अगं, गंमत केली त्याने."

"आणि तुम्ही?"

त्याने रेडिओ लावला.

मी नाशिकची. कॉलेजात असताना ब्रह्मगिरी, अंजनेरी इतक्या वेळा चढले होते की वाटेतल्या ताकवालीने माझ्याकडून पैसे घेणं सोडलं होतं. लग्न झालं, मुलगी झाली, आखाती युद्ध संपल्यावर नवऱ्याला कुवेतची नोकरी लागली आणि आम्ही इथे आलो. या देशात डोंगर नाही. कॉलेज सुटल्यापासून वीस वर्षं मी उंच अशी एकच गोष्ट चढले होते, ती म्हणजे माळ्यावरची बॅग काढायचं स्टूल. हे सगळं मी त्या रात्री कुणाला सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. चव्वेचाळीस वर्षांची बाई कॉलेजातले डोंगर सांगायला लागली की लोक मान डोलावतात आणि चहा घेणार का विचारतात.

दुसऱ्या दिवशी नवरा ड्यूटीवर आणि मुलगी शाळेत गेल्यावर मी मुलीची शाळेची जुनी पाठपिशवी काढली. तिच्यात पाच किलो तांदूळ आणि दोन किलो चणे भरले आणि जिन्यात गेले. आमची बिल्डिंग नऊ मजल्यांची. तो जिना कुणीच वापरत नसे. तिथे एसी नव्हता, तुटकी खेळणी आणि जुन्या गाद्या पडलेल्या होत्या. पहिल्या दिवशी सहाव्या मजल्यावर बसले आणि मला वाटलं, भावजी बरोबर बोलले. मग उठले, कारण ते बरोबर ठरलेले मला चालणार नव्हते.

बिल्डिंगचा हारिस, म्हणजे तिथला रखवालदार, वयस्क इजिप्शियन होता. तिसऱ्या दिवशी तो माझ्यामागे धापा टाकत चौथ्या मजल्यापर्यंत आला. "मॅडम, लिफ्ट गुड! लिफ्ट गुड!" मी हाताने वर दाखवलं, डोंगराचा आकार काढला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावून खाली गेला. पण आठवडाभरात जिन्यातल्या गाद्या हलल्या आणि बंद पडलेले दिवे लागले. ते त्यानेच केलं असणार. मी कधी विचारलं नाही.

मुलगी तेरा वर्षांची होती. तिच्या मैत्रिणी त्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या. "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग," ती म्हणाली.

"मग लिफ्टने जा," मी म्हटलं. "मी तिथे दिसणार नाही."

दोन महिन्यांत मी तो जिना सलग सहा वेळा चढू लागले. तेव्हा मी नवऱ्यापाशी पुन्हा विषय काढला. त्याने निमूटपणे भावजींना फोन लावला. फोनवर बराच वेळ "हो रे", "नाही रे" झालं. शेवटी निरोप आला. सलग तीन शुक्रवार मुत्लाला पाठीवर दहा किलो घेऊन चालून दाखवा, मग बघू. इतर कुणाला असली परीक्षा कधी द्यावी लागली नव्हती. नवरा म्हणाला, "सोड ना, अपमानास्पद आहे हे." मी म्हटलं, "अपमान त्यांनी केलाय. चालणार मी आहे."

मुत्ला म्हणजे शहराच्या वायव्येला वाळवंटातून वर उठलेली कड्यासारखी लांबच लांब टेकाडं. कुवेतमध्ये चढ म्हणावा असा तेवढाच. युद्धात पेरलेल्या सुरुंगांची भीती अजून होती, त्यामुळे गाड्यांच्या चाकोऱ्या सोडून पाऊल टाकायचं नाही असा सगळ्यांचा दंडक होता. आम्ही त्याच चाकोऱ्यांतून वर-खाली करायचो. पहिल्या शुक्रवारी धुळीने माझे डोळे सुजले. दुसऱ्या शुक्रवारी भावजींच्या बरोबरीने चालले. तिसऱ्या शुक्रवारी भावजींना सर्दी झाली म्हणून ते आलेच नाहीत. मी आणि नवरा दोघंच गेलो. परत येताना तो म्हणाला, "तू माझ्यापुढे होतीस."

"माहीत आहे," मी म्हटलं.

बूट घ्यायला मी फहाहीलला एकटी गेले. तिथे एका राजापूरकडच्या गृहस्थांचं कामगारांच्या बुटांचं दुकान होतं. मी मराठीत बोलले तसे ते उठून उभे राहिले. "साहेबांचा नंबर काय?" त्यांनी विचारलं. बूट माझ्यासाठी आहेत असं सांगितल्यावर ते हसले नाहीत. त्यांनी तीन जोड काढले, मला दुकानात चालायला लावलं आणि एका फळीला वीट लावून तिच्यावरून उतरायला सांगितलं. "उतरताना बोटं पुढे आपटली तर घेऊ नका, बाय," ते म्हणाले. "आमची आई लाकडाची मोळी घेऊन घाट चढायची, तेही अनवाणी. तुम्ही तर बूट घालून जाणार."

जूनच्या शेवटी मुलीला नाशिकला माझ्या भावाकडे ठेवून मी त्या चौघांबरोबर मनालीला पोचले.

पहिले तीन दिवस सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. देवदारांतून चढ, मग झाडं संपली आणि कुरणं लागली. मेंढपाळांचे कुत्रे अंगावर यायचे. मी सावकाश चालत होते. आमचा मुख्य गाइड पन्नाशीचा पहाडी माणूस होता, मितभाषी. त्याने पहिल्याच दिवशी माझी चाल पाहून सांगितलं होतं, "ऐसे ही चलना, दीदी. जो यहाँ भागता है, वो ऊपर बैठता है." भावजी मात्र रोज सगळ्यांच्या आधी तंबूपाशी पोचून घड्याळ बघायचे.

चौथ्या दिवशी तळं गाठून त्याच दिवशी खाली तंबूंपाशी परतायचं होतं. पहाटे निघालो. मंडळींतले दोघं दुसऱ्या गाइडबरोबर पुढे गेले. मागे मी, नवरा, भावजी आणि तो वयस्क गाइड असे चौघं राहिलो. वाट मोठमोठ्या दगडांतून जात होती आणि मधे मधे बर्फाचे पट्टे होते. साडेआठच्या सुमाराला भावजी एका दगडावर बसले. डोकं दुखतंय म्हणाले. मग त्यांना उलटी झाली. उठले आणि दारू प्यायल्यासारखे एका बाजूला झुकले. गाइडने त्यांना धरलं, डोळे पाहिले आणि म्हणाला, "साहब नीचे जाएँगे. अभी. ऊपर की पतली हवा लगी है. नीचे पहुँचते ही ठीक हो जाएँगे. कैंप में रसोइया है, पर यहाँ से एक आदमी साथ चाहिए."

वाट स्पष्ट होती. गाइड पहिला अवघड टप्पा उतरवून देणार, तिथून पुढे सरळ कुरण आणि खाली तंबू दिसत होते. फक्त कुणीतरी बरोबर जायचं होतं.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

भावजींनीच तोंड उघडलं. उलटीने आवाज बसला होता तरी म्हणाले, "वहिनी येतील ना. त्यांची तशीही दमछाक झालीय."

माझी दमछाक झाली नव्हती. मी उभी होते, ते बसलेले होते.

नवरा म्हणाला, "अगं, तू जा याच्याबरोबर. मी वरून फोटो काढून आणतो."

त्यात त्याचा दुष्टावा नव्हता, हे मला आजही कबूल आहे. घरात कुणाला ताप आला तर मी जागायचं. कुणाची आई आजारी पडली तर मी मिळेल ते पहिलं विमान पकडायचं. ती सवय चौदा हजार फुटांपर्यंत आमच्याबरोबर चढून आली होती.

मी म्हटलं, "नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खाली जाणार नाही."

"अगं, तो आजारी आहे!"

"आहेत. त्यांना खाली न्यायलाच हवं. तुम्ही न्या."

"मी?"

"तुमचे मित्र आहेत. दहा वर्षांचे. आणि तुम्ही पाच वर्षं येताय. मी वीस वर्षांनी आलेय."

"पण बाईमाणूस जवळ असलं की..."

"मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मी त्यांना पाणी देणार, हात धरणार, तंबूत झोपवणार. यातलं तुम्हाला काय येत नाही ते सांगा."

भावजी डोकं धरून बसले होते. गाइड बर्फाकडे बघत होता. कुणीच उठलं नसतं तर मी गेले असते, हेही खरं. माणूस आजारी असताना तिथे हट्ट धरून बसणं मला जमलं नसतं. पण जाणारा माणूस समोर धडधाकट उभा होता. मी फक्त वाट पाहिली.

शेवटी नवऱ्याने माझ्या पाठपिशवीतली ग्लुकोजची पुडी मागून घेतली आणि भावजींच्या काखेत हात घातला. जाताना मागे वळून म्हणाला, "सांभाळून जा." त्याचा आवाज रागाचा होता. तरी तो म्हणाला.

गाइड त्यांना अवघड टप्पा उतरवून अर्ध्या तासात परत आला. तेवढा वेळ मी एकटीच होते. आता अपराधी वाटेल म्हणून मी वाट पाहत राहिले. तसं वाटलं नाही. भूक लागली, म्हणून कुवेतहून आणलेले खजूर खाल्ले.

पुढचा चढ खरा कठीण होता. दगड पायाखाली हलत होते. शेवटी उभा बर्फ लागला. गाइड बुटाच्या टाचेने पायऱ्या खणत पुढे, मी त्याच्या पायरीत पाय ठेवत मागे. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. मग पाच. छातीत कुणी कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. एकदा मी घसरले आणि गुडघ्यावर आदळले. गाइडने विचारलं, "वापस?" मी नकारार्थी मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

खिंडीत पोचले आणि तळं दिसलं. फोटोतल्यापेक्षा ते लहान होतं. निळं तर नव्हतंच. निम्म्यावर मळकट बर्फ, उरलेलं पाणी शिशासारखं करडं, आणि वारा असा की उभं राहवेना. पुढे गेलेले दोघं काठावर बसले होते. मला पाहून एक जण उठून उभा राहिला. "बाकीचे?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने बाजूला सरकून दगडाच्या आडोशाला मला जागा करून दिली.

मी काठाशी गेले आणि हातमोजा काढून पाण्यात हात बुडवला. बोटं क्षणात बधिर झाली. मी रडले, पण आनंदाने की थंडीने की त्या "तू जा"च्या रागाने, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे मी शोधत बसले नाही.

दुपारी खाली परतले तेव्हा भावजी तंबूबाहेर बसून खिचडी खात होते. रंग परत आला होता. त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्याने माझ्या हातात चहाचा मग दिला.

"कसं होतं?"

"थंड."

दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी त्याची समजूत काढली नाही. आधी काढली असती. तिसऱ्या दिवशी बसमध्ये तो आपणहून म्हणाला, "उतरताना तो माझ्या खांद्यावर ओकला. दोनदा." मला हसू आलं. मग त्यालाही आलं.

कुवेतला परतेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. नवऱ्याला खाली पाठवून बाई एकटी वर गेली. भावजींच्या पत्नीने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचा राग मला समजत होता, त्यांच्या माणसाला काही झालं असतं तर? पण काही व्हायचंच असतं तर ते मी बरोबर असतानाही झालंच असतं. हे मी त्यांना एकदा सांगायला गेले. त्यांनी दार लावून घेतलं. मी पुन्हा गेले नाही.

त्या हिवाळ्यात सबाह अल-सालेमला एकांच्या मुलाचा वाढदिवस होता. तिथे भावजी नव्या आलेल्या लोकांना ट्रेक सांगत होते. "माझी तब्येत जरा बिघडली," ते म्हणाले, "तेव्हा आम्ही ठरवलं, वहिनींना इतकी हौस आहे तर त्यांना पुढे पाठवू."

मी ताट खाली ठेवलं. "पाठवलं नव्हतं, भावजी. तुम्ही मला खाली बोलावत होतात. मी आले नाही."

कुणी हसलं नाही. भावजी लाल झाले. माझा नवरा पलीकडे उभा होता. तो पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरोबर आहे तिचं. मी गेलो होतो खाली."

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "मला ते तळं बघायचंय. पुढच्या जूनमध्ये दोघं जाऊ?"

"तुम्ही बघून या," मी म्हटलं. "मी या वेळी दुसरी खिंड चढणार आहे, पलीकडच्या खोऱ्यात उतरणारी. यायचं तर तिकडे या."

त्याने खिंडीची उंची विचारली.