आमच्या छतावरचं सोलर आणि गेलेली लाइन

कोरपन्यातल्या आमच्या घरावर सोलरच्या प्लेटा बसल्या, तेव्हा माझे सासरे दिवसभर जिन्यावरच होते. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो. प्लेटा बसल्या, वायरिंग झालं, पण चालू करायची परवानगी नव्हती. वीज कंपनीची माणसं तपासणी करणार, येणारी-जाणारी वीज मोजणारं नवं मीटर लावणार, मगच बटण दाबायचं.

"ऊन आपलं, छत आपलं, अन् परवानगी त्याईची काऊन?" मामाजींनी विचारलं.

"आपली उरलेली वीज त्यांच्याच तारेत जाणार ना," मी म्हटलं. त्यांना ते काही पटलं नाही.

शेवटी मीटर लागलं. मामाजींनी गल्लीत पेढे वाटले आणि नाक्यावर सांगून आले, "आता आमच्या घरची लाइन जातच नाई. गावची गेली का या पंख्याखाली बसाले."

मे महिन्यात एका दुपारी लाइन गेली आणि त्यांचे दोस्त खरंच आले. सगळे पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद!

"काऊन भाऊ, तुमचा सूर्य बुडला का?" एकानं विचारलं.

मी घाईनं प्लेटा बसवणाऱ्या फिटरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, खराबी नाई. लाइन गेली का सोलरनं आपोआप बंद व्हाचं, असा नियमच आहे."

मामाजींनी फोन हिसकावला. "असा कसा नियम? तू ये अन् मधातलं काय ते काढून टाक!"

शेजारची वहिनी मठ्ठा घेऊन दारात उभी होती. तिचा नवरा लाइनमन. ती हळूच म्हणाली, "मामाजी, आमच्या घरचे आत्ता बाजाराजवळच्या खांबावर काम करून राह्यले. तुमच्या छतावरची वीज त्या तारेत गेली असती, तर?"

मामाजींचा चेहरा उतरला. फोन अजून कानालाच होता. "राहू दे बापू, काई काढू नको," एवढंच फिटरला म्हणाले.

मग सगळे अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून मठ्ठा प्यायले. लाइन आल्यावर शेजारचा लाइनमन घामानं निथळत परतला, तर मामाजींनी त्याला रस्त्यातूनच हात धरून आत आणलं आणि पंख्याखालच्या आपल्या खुर्चीत बसवलं.

"चप्पल तरी काढू द्या," तो म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मामाजी नाक्यावर तो नियम असा समजावून सांगायला लागले, जणू त्यांनीच तो केला होता.