भट्टीवाल्याच्या बायकोचा फोटो

वर्ध्याच्या एका स्टुडिओत दर रविवारी आम्ही कॅमेरावेडे आपापले फोटो घेऊन जमायचो. पोस्टातले काका शर्टाला बोटं पुसल्याशिवाय कुणाचाही फोटो धरत नसत. मग मान तिरपी करून म्हणत, "वा! उजेड पाहा कसा खेळून राह्यला!"

एका रविवारी त्यांनी हिंगणीच्या जंगलातला फोटो निगेटिव्हसकट आणला. तोंडं पदरात गुंडाळलेल्या बायका दारूची मडकी फोडताहेत आणि एकीचा पदर सुटलाय. काका म्हणाले, ती खुद्द दारूच्या भट्टीवाल्याची बायको! दारूबंदीचा जिल्हा म्हणवणाऱ्यांना यापेक्षा सणसणीत चपराक कोणती?

"काका, निगेटिव्ह द्या. उद्याच आमच्या दारूबंदीच्या पत्रकावर छापतो," मी म्हणालो.

काकांनी काउंटरवरची कात्री उचलली आणि निगेटिव्हचे तुकडे केले. मग फोटोचेही.

मी ओरडलो, "काऊन कापला?"

"तू पत्रक वाटून तुह्या घरी जाशीन, बाबू. तिले त्याच्याच घरी राहा लागते."

"मग आम्हाले दाखवला कायले?"

"लय चांगला निघालता रे. एक डाव तरी कोनं पाहाले पायजे ना."

त्यांनी पुन्हा शर्टाला बोटं पुसली आणि शेजारच्यापुढे हात केला. "हं भाऊ, आता तुमचा दाखवा."

कुणीच फोटोंचं पाकीट उघडलं नाही.