सलाइनच्या चिमट्याचा अर्ज

अर्ज दाखल होईपर्यंत शोधाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, हा पेटंटच्या कामातला पहिला नियम. गिरगावातल्या आमच्या ऑफिसात मी तो वर्षानुवर्षं नव्या लोकांना शिकवत आले. मोडला मीच.

आमचे एक अशील, ज्यांना सगळे काकाच म्हणायचे, नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे. परळच्या एका हॉस्पिटलातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी एक चिमटा बनवला होता. सलाइनची पिशवी रिकामी होऊन हलकी झाली की स्प्रिंग वर जायची आणि चिमटा नळी दाबून बंद करायचा. नर्सला यायला उशीर झाला तरी पेशंटचं रक्त नळीत उलटं चढणार नाही. त्याची माहिती त्यांनी स्वतःच्या अक्षरात चार पानांवर लिहून दिली होती.

ऑफिसने तेव्हा नुकतंच कामासाठी एआय घेतलं होतं, आत टाकलेलं बाहेर जाणार नाही अशा कराराचं. त्या सकाळी ते चालेना. मला घाई होती. मी मोबाइलवरचं फुकटचं एआय उघडलं, पानांचे फोटो टाकले आणि मसुदा मागितला. दोन मिनिटांत आला. इतका सफाईदार, की मी खूश झाले.

डबा खाताना शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "ते फुकटवालं वापरू नकोस हं. आपण टाकलेलं ते शिकायला वापरतात म्हणे."

डबा तसाच झाकून मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"आता हे जगजाहीर झालं म्हणून पेटंट नाकारतील का?" मी विचारलं.

"मला माहीत नाही. कोणालाच नीट माहीत नाही अजून. अर्ज आज गेला पाहिजे. आणि काकांना तू जाऊन सांग. फोनवर नाही."

टॅक्सीत मी वाक्यं जुळवत होते. चाळीचा जिना चढेपर्यंत एकही आठवेना.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. काकूंनी पुढे केलेला चहाचा कप त्यांनी घेतलाच नाही.

"तां मशीन कोणाक सांगतला?" त्यांनी गावच्या मालवणीत विचारलं.

"बहुतेक कोणालाच सांगणार नाही. पण मी खात्री देऊ शकत नाही, काका. चूक माझी आहे."

"मी माझ्या मुलालापण दाखवलं नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचं ऑफिस म्हणजे बँकेचा लॉकर, असं समजलो मी."

मी पर्समधून मसुदा काढून त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "वाचा, काय लिहिलाय त्याने."

इंग्रजी मसुदा मी मराठीत सांगत गेले. तिसऱ्या वाक्यावर त्यांनी हात वर केला. "नळी बसायची खाच वरच्या बाजूला? वर खाच दिली तर नळी निसटणार. खाच खालीच पाहिजे. तुम्ही वाचलं नाही हे?"

वाचलं होतं. भाषा इतकी छान होती की शंकाच आली नाही. त्यांच्या पानावर मात्र स्वच्छ लिहिलं होतं, 'खालून'. हा अर्ज असाच गेला असता तर काकांच्या हातात भलत्याच चिमट्याचं पेटंट पडलं असतं.

काकांनी पेन्सिल घेतली. मी एकेक वाक्य वाचायचे, ते खोडायचे, मी नवं लिहायचे. आकृती त्यांनी पुन्हा काढली. मग सही केली, पण माझ्याकडे न बघता.

ऑफिसात येऊन सगळं नीट टाइप केलं, सरांनी शब्दन् शब्द तपासला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला अर्ज ऑनलाइन दाखल झाला. अर्जाचा नंबर सांगायला फोन केला तेव्हा काकांनी तो दोनदा वदवून घेतला आणि फोन ठेवला.

पुढे सरांनी मला लेखी ताकीद दिली आणि नव्या लोकांना शिकवायचं काम त्या शेजारच्या सहकारीकडे गेलं. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. काका कागदावर सही करायला येतात, चहाही घेतात. माफ केलंत का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.