तळहाताएवढी कोरडी जागा

मास्क चढवला की आधी स्वतःचा श्वास ऐकू येतो. मग बाकीचं सगळं हळूहळू लांब जातं. तो मास्क बाबांनी कंपनीतून आणून दिला होता, डोळ्यांसमोर काच आणि दोन्ही गालांवर गोल डब्या असलेला. "हा घातल्याशिवाय त्या फायबरच्या रेझिनला हात लावायचा नाही," एवढीच त्यांची अट होती.

बाबांना रेझिनचा वास येत नव्हता. त्यांना कसलाच वास येत नाही. बोईसरच्या केमिकल कंपनीत इतकी वर्षं काढल्यावर वास येणं केव्हा थांबलं, हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. दूध नासलंय का हे आई हुंगून सांगते आणि बाबा म्हणतात, "माझं नाक कंपनीत जमा आहे." आम्ही हसतो. आता लिहिताना वाटतं, आम्ही जरा लवकरच हसायला लागलो होतो.

आमच्या गल्लीत वासाची चौकशी हवामानासारखी होते. सकाळी नळावर कुणीतरी म्हणतं, "आज कसला गं हा?" आणि कुणीतरी सांगतं, "तो रोजचाच." रोजचा असेल तर कुणी लक्ष देत नाही. वेगळा असेल, म्हणजे कुठल्या कंपनीत गळती झाली असेल, तर मात्र लहान मुलांनाही ठाऊक असतं काय करायचं ते. गॅस बंद, ओढणी ओली करून तोंडाला, आणि वाऱ्याला आडवं चालत शाळेच्या मैदानावर. मी लहानपणी दोनदा अशी गेले आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या टीमने स्पर्धेसाठी एक छोटी गाडी बनवायला घेतली. वेल्डिंग, इंजिन, स्टिअरिंग ही कामं पटापट वाटली गेली. मला स्वतःहून हात वर करायची सवय नाही. शेवटी गाडीचं तोंड उरलं, म्हणजे पुढचा फायबरचा भाग, आणि मी हळूच म्हणाले, "मी करून बघू का?" कुणी नको म्हटलं नाही.

शिकले ती जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरला. तिथे काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून होड्यांना फायबर मारणारे एक काका आहेत. आईच्या ओळखीतून त्यांनी मला त्यांच्या शेडमध्ये जागा दिली. थर्माकोल कापून आकार काढणं, त्यावर प्लास्टर, मग खाचा बुजवायला लांबी, मग पाण्याचा पॉलिशपेपर, मग मेणाचे हात, असं करत महिनाभरात तोंडाचा नमुना तयार झाला. त्यावरून साचा काढला; खरं तोंड त्याच्या आत थर देऊन करायचं होतं. काका बोलत कमी, पण एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली.

"पोरी, मॅट एकदा भिजवायला घेतली का हात थांबवायचा नाय. रेझिन कोनासाठी थांबत नाय. आमी होडीवर बसलो का घरून बोलावणं आलं तरी उठत नाय."

"आणि उठावंच लागलं तर?"

"तर दिसतं. कोरडं रव्हतं तितं. कितीबी रंग मार, मला दाखव, मी सांगेन हितं उठलीस."

साचा तयार झाला त्याच आठवड्यात त्यांच्या शेडमध्ये दुरुस्तीला मोठी होडी आली. जागा उरली नाही. टेम्पोत घालून साचा मी घरी आणला आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवला. शेजारच्या काकू डोकावल्या.

"काय गं, गाडी करतेस का गणपती?"

"गाडी."

"मग चार हात कुठे लावणार?" असं म्हणून त्या हसत गेल्या. त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, की याला उग्र वास येईल, घाबरू नका. मला लाज वाटली.

साच्याबद्दल एक सांगते. तो आतून पोकळ असतो. दिव्यांच्या जागी दोन खळगे, खाली हवा जायला एक फट, सगळं उलटं, आत गेलेलं. पण लांबून पाहिलं की ते आत गेलेलं वाटत नाही. बाहेर आलेलं वाटतं. आणि आपण शेडमध्ये इकडून तिकडे गेलो की ते तोंड आपल्याबरोबर वळतं. यामागे डोळ्यांची गफलत आहे, कॉलेजातल्या सरांनी नंतर समजावून सांगितलं. तरी त्या आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठले की मी त्याच्याकडे न बघता जायची. त्याच शेडमध्ये मी फायबरचे छोटे तुकडे करून हात बसवत होते. बाबा त्याच दिवसांत म्हणत होते, "डोकं जड आहे. रात्रपाळी मानवत नाही आता." मी त्यांना बाम आणून दिला.

तो एप्रिलमधला दिवस होता. वारा अजिबात नव्हता. आई पालघरला बँकेत गेली होती. बाबा रात्रपाळी करून आले होते आणि कानात कापूस घालून आतल्या खोलीत झोपले होते. सोमवारी गाडीचं तोंड कॉलेजात न्यायचं होतं. रेझिन एका तोंडापुरतंच होतं. ते बिघडलं तर दुसरं आणायचं कुठून, आणि मग टीममध्ये मी कशासाठी, हे दोन्ही प्रश्न माझ्या डोक्यात होते. साचा आडवा केला, टेबलफॅन लावला, मास्क घातला आणि सुरुवात केली.

पहिला थर नीट बसला. दुसऱ्या थराची पांढरी मॅट पसरून मी ब्रशने भिजवत निघाले. मॅट भिजली की तिचा पांढरेपणा जातो, ती काचेसारखी होते. रोलर फिरवून आतली हवा काढायची. उजवा गाल झाला, कपाळ झालं. माझा श्वास आत, बाहेर.

डावा गाल अर्धा राहिला होता तेव्हा लक्षात आलं की कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देतोय. देतच राहिलाय. पाच, सहा, सात. दुपारी आमच्या गल्लीत एवढ्या शिट्ट्या कुणी होऊ देत नाही. मग एक मोबाइल वाजायला लागला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. कुणी उचलला नाही.

शेडच्या फटीतून घराच्या बाजूने गल्ली दिसते. मी मान वळवून पाहिलं. समोरची चारही दारं उघडी. नळाखाली बादली भरून वाहत होती. पाणी गटारापर्यंत पोचलं होतं. काकूंच्या उंबऱ्याबाहेर एकच चप्पल उलटी पडली होती आणि तिच्याजवळ एक ओला नॅपकिन. माणूस एकही नाही. ओट्यावर कायम झोपलेला कुत्राही नाही.

कंपनीचा भोंगा वाजला नव्हता. पण ओला नॅपकिन म्हणजे काय, ते मला विचारावं लागत नाही. गळती झाली होती. सगळे गेले होते. मला वास आला नव्हता, कारण तोंडावर मास्क होता. आणि आत बाबा झोपले होते, ज्यांना वास येत नाही.

इथे थोडं थांबून लिहावं लागेल. कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी लगेच उठले नाही.

मला सगळं कळलं होतं. तरी हात चालत होता. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, एवढा हात, एवढाच. ब्रश रेझिनच्या मगात बुडत होता, मॅटवर जात होता, पांढरं मिटत होतं. जणू तो हात माझा नव्हता आणि मी मास्कच्या काचेआडून बघत होते. कुकर आता शिट्टी देत नव्हता, नुसता फुसफुसत होता. खालून तो पोकळ चेहरा माझ्याकडे वर बघत होता. दोन मिनिटं गेली असतील. तीनही असतील.

मग ब्रश टाकला आणि आत धावले.

बाबा उताणे झोपले होते, तोंड उघडं. डोक्यामागची खिडकी उघडी होती, ती शेडमध्येच उघडते. मी हलवलं. ते हलले नाहीत. पुन्हा हलवलं. हातमोज्यांचं रेझिन त्यांच्या बनियनला लागलं. डोळे उघडले तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. ते भिंतीकडे सरकले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कोण? कोण आहे?"

मास्कमधून माझा आवाज नीट बाहेर पडत नव्हता. "बाबा, मी. उठा. गळती झालीये, बाहेर कुणी नाही."

ते उठून बसले आणि डोकं धरलं. चालता येईल असं दिसेना. मी श्वास रोखला, मास्क काढला आणि त्यांच्या तोंडावर चढवला. पट्टा ओढून बसवला. त्यांचा श्वास मला बाहेरून ऐकू आला, आत, बाहेर, आणि मला कळलं की इतका वेळ मीही अशीच ऐकू येत असणार. श्वास किती रोखणार? शेवटी घेतला.

गोडसर, नेलपॉलिशसारखा, घशात बसणारा वास. माझ्या रेझिनचा. दुसरा कुठलाच नाही.

टेबलफॅनचं तोंड मी गल्लीकडे केलं होतं. अख्खी गल्ली मी रिकामी केली होती.

बाबांना हाताला धरून ओट्यावर आणलं. शेडमध्ये मगात उरलेलं कालवलेलं रेझिन आपोआप तापून धुमसत होतं, ते मी फावड्याने अंगणात ढकललं. काकूंच्या घरात शिरून गॅस बंद केला. कुकरमधली डाळ जळली होती. नळही बंद केला. मग मैदानाच्या वाटेने चालत जाऊन सगळ्यांना सांगितलं. ते सांगणं फार अवघड होतं.

"अगं बाई!" काकू छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "तुमच्या दाराला किती धपाधप मारलं मी! वाटलं, बाबा ड्युटीवर आणि तू कॉलेजात. कार्टे, गणपतीच करायचास की गं!"

मागच्या खोलीतला भाडेकरू म्हणाला, "दीदी, हम तो समझे फिर कहीं फटा. आधे रस्ते से गाँव फोन कर दिया." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, पण घरात शिरताना प्रत्येकाने आधी दारात उभं राहून वास घेतला.

बाबा अजून ओट्यावर बसले होते, मास्क मांडीवर. म्हणाले, "सगळे पळाले आणि आपण दोघंच राहिलो होय?" मग थोड्या वेळाने, "बरं झालं लगेच आलीस."

मी हो म्हणाले.

बाबांच्या डोक्याचा जडपणा दोन दिवसांत उतरला. घरी मी पुन्हा रेझिन उघडलं नाही. सोमवार हुकला. होडी गेल्यावर साचा नवापूरला परत नेला आणि तिथे काकांनी पाचर मारून तोंड साच्यातून सोडवलं. बाहेरून ते गुळगुळीत निघालं होतं. काकांनी ते उलटं करून उन्हात धरलं. आतून डाव्या गालावर तळहाताएवढी पांढरी कोरडी जागा होती, काचेचे धागे मोकळे.

मी त्यांना त्या दिवसाचं सांगितलं. कुकर, ओला नॅपकिन, बाबा. शिट्ट्या ऐकल्या तेव्हा अर्धा गाल बाकी होता, हेही बोलण्याच्या ओघात सांगून गेले. काकांनी बोटाने त्या जागेची कड चाचपली. मग भिजलेल्या भागावरून बोट नेत ते गालाच्या मध्यापर्यंत आले आणि तिथे थांबले.

"अर्धा गाल बाकी व्हता म्हनतेस," ते म्हणाले. "मग हितं तर एवढंच रव्हलंय."

त्यांनी पुढे विचारलं नाही. ती जागा भरायला थोडं रेझिन कालवून तो मग माझ्या हातात दिला आणि वाऱ्याकडे पाठ करून बसले.