एकाच पोत्यातली मिरची

मी कामाला होतो ती गिरणी बंद पडली त्या उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीची मिरची आणायचं माझ्यावर आलं. बायको अंथरुणाला खिळलेली, आणि हातातल्या पैशांत मिरची एकदाच घेता येणार होती. ती ओलसर निघाली तर चटणीला बुरशी येणार आणि पोरं वर्षभर कोरडी भाकरी खाणार. या धास्तीनं मला झोप नव्हती. पण कुणाला विचारणं माझ्या स्वभावात नाही.

रविवारच्या बाजारात एक बाई दिसली. ती मिरची कानाशी हलवून बी वाजतंय का ऐकायची, देठ मोडून बघायची आणि मान हलवून पुढं जायची. मी गुपचूप तिच्या मागं फिरू लागलो. एका दुकानापाशी ती गर्रकन वळली.

“पावणं, मघापास्नं मागं का लागलाय? पिशवी घट्ट धरून हात दुखला की माझा.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चोर म्हणून लोकांनी धरलं असतं तर?

“मिरची घ्यायची हाय,” एवढंच बोललो.

“मग तोंड न्हाय व्हय? या पुढं. दोघांत पोतं घेऊ, भाव उतरंल.”

तिनं भाव पाडला, पोतं निम्मं केलं. पैसे देताना मी विचारलं,

“आणि बिघडली तर?”

“तर माझी बी बिघडंल की. एकाच पोत्यातली हाय.”

पुन्हा ती दिसली नाही. पावसाळाभर बरणीचं झाकण काढताना माझा हात थबकायचा. कुठल्या तरी घरात तिचाही थबकत असेल, असं मनात यायचं, आणि मग मी झाकण काढायचो.