गिळलेलं 'नाही'

कायदा शिकणाऱ्या सपनाचा फोन आला तेव्हा संघमित्रा ढवारे स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. एरवी सपना आधी 'जय भीम, ताई' म्हणायची आणि मग पाच मिनिटं नुसती बडबडायची. त्या सकाळी तिने तसलं काहीच केलं नाही.

"ताई, पुरावा कायद्याचं सातवं प्रकरण तुम्हीच एडिट केलंय ना?"

"केलंय की. का गं?"

"पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालते का?"

संघमित्राला हसू आलं. "वकील तू होणार की मी? नाही चालत."

"मी कॉलेजच्या चाचणीत लिहिलं, चालते. वर दोन कारणंसुद्धा दिली." सपनाचा आवाज बारीक झाला. "सरांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले, ताई. सर म्हणाले, तिसऱ्या वर्षाला येऊन एवढंही कळत नसेल तर कठीण आहे. मी घरी येऊन पुस्तक परत ऐकलं. पुस्तकातच तसं आहे."

"शक्यच नाही."

"थांबा, लावते."

फोनमधून पुस्तक वाचणाऱ्या वसुधाताईंचा ओळखीचा, खणखणीत आवाज आला. "पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार." आणि लगेच पुढचं वाक्य सुरू झालं. मध्ये श्वासही नाही.

संघमित्राने सुरी खाली ठेवली. "परत लाव," ती म्हणाली. सपनाने परत लावलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा कायदा उलटाच निघाला.

संघमित्राला दिसत नाही. नवव्या वर्षी गोवरात दोन्ही डोळे गेले. वडील धोंडिराम लातूरकडून येऊन मुलुंडच्या एका कारखान्यात लागले होते. मुलगी आंधळी झाली म्हणून ते रडत बसले नाहीत, तिला अंधशाळेत घालून मोकळे झाले. तिथे ती ब्रेल शिकली, खुर्च्या विणायला शिकली आणि पुढे दहावी झाल्यावर अंध विद्यार्थ्यांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका केंद्रात कॅसेट उलटसुलट करण्याच्या कामाला लागली. डोळस माणसं पुस्तक वाचून रेकॉर्ड करायची. त्यातल्या चुका, खोकला, पानांची सळसळ काढून टाकून स्वच्छ पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं, हे संघमित्राचं काम. कॅसेट गेल्या, कॉम्प्युटर आला, आणि तिने एडिटिंगचं सॉफ्टवेअर नुसत्या कीबोर्डवर असं काही आत्मसात केलं की केंद्रातली डोळस माणसं अडलं की तिलाच विचारायला यायची. पडद्यावर काय आहे ते कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा, बाकीचं काम तिची बोटं करायची. सोळा वर्षं तिने घरच्या टेबलावर हे काम केलं. एका अक्षरातला ओठांचा बारीकसा आवाज ती कापून काढायची आणि ऐकणाऱ्याला शिवण जाणवायची नाही.

जूनमध्ये त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. जुनी चालू ठेवायची सोयच कंपनीने ठेवली नव्हती. सकाळी संघमित्राने कॉम्प्युटर चालू केला, आणि जिथे तो एरवी 'कापा', 'जोडा', 'मागे जा' असं वाचून दाखवायचा तिथे तो म्हणाला, "बटण." तिने पुढची कळ दाबली. "बटण." पुढची. "बटण." नव्या रूपात शब्द काढून नुसती चित्रं टाकली होती, आणि चित्रांना नावं द्यायला कोणाला सुचलं नव्हतं. तिच्या हातातले निम्मे शॉर्टकटही बदलले होते. ज्या कळेने ती वाक्य परत ऐकायची, त्या कळेने आता वाक्य पुसलं जात होतं.

"सोळा वर्षं राहते त्या घरात कोणी भिंती हलवून गेलंय रे," ती नवऱ्याला म्हणाली होती. प्रितम लिफ्टचा मेकॅनिक. त्याने बिचाऱ्याने रविवारभर शेजारी बसून चित्रं सांगितली. चौथं बटण कापायचं, सातवं जोडायचं, अकरावं फाइल बाहेर काढायचं. संघमित्राने ते पाढ्यासारखं पाठ केलं. हेल्पलाइनवर तक्रार केली तर एका गोड मुलीने सांगितलं की नवं रूप सगळ्यांना खूप सोपं वाटतंय. शिव्या घालत, मोजत मोजत, पूर्वीच्या दुप्पट वेळ घालवून तिने काम चालू ठेवलं. त्या सॉफ्टवेअरवर तिने दोन महिन्यांत तीन पुस्तकं पुरी केली. त्यातलं पहिलं पुरावा कायद्याचं.

भेंडी तशीच टाकून ती टेबलाशी बसली. आधी तिने आपल्याकडचं मूळ काम उघडलं आणि सातव्या प्रकरणातलं ते वाक्य लावलं.

"...पुरावा म्हणून वापरता येणार," वसुधाताई म्हणाल्या. किंचित थांबल्या. मग खालच्या पट्टीत, जवळजवळ श्वासातच, "नाही."

होतं. 'नाही' होतं. मग तिने तीच तयार फाइल उघडली, जी मुलांना गेली होती. तिथे ते नव्हतं.

काम संपल्यावर तिने प्रकरण अथपासून इतिपर्यंत ऐकलेलं होतं, नेहमीच ऐकायची. पण ऐकायची ते मुलांना द्यायची तयार फाइल बाहेर काढण्याआधी. सोळा वर्षं जे ऐकलं तेच बाहेर पडत होतं. मधल्या वाटेत कोणी हात घालेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिने प्रितमला फोन केला. "असशील तिथून ये."

तो भांडुपला एका इमारतीत लिफ्टच्या खोलीत होता. तासाभरात तेलकट हातांनी घरी आला. "काय झालं? तू बरी आहेस ना?"

"मला पडद्यावरचं सगळं वाच. फाइल बाहेर काढतानाचं. एकही गोष्ट सोडू नको."

प्रितम वाचत गेला. फाइलचं नाव, जागा, प्रकार. "आणि इथे खाली कोपऱ्यात एक चौकोन आहे. त्यात बरोबरची खूण आहे. लिहिलंय, 'स्मार्ट स्वच्छता: शांतता आणि श्वास आपोआप काढा'."

"मी नाही केली ती खूण."

"आधीच केलेली आहे. फिकट अक्षरं आहेत गं, मलाही पटकन दिसलं नाही."

संघमित्राने तिथे कर्सर नेला. कॉम्प्युटर म्हणाला, "बटण."

वसुधाताई निवृत्त शिक्षिका, विलेपार्ल्याच्या, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची वाचायची एक लकब होती. वाक्याच्या शेवटी क्षणभर थांबायचं आणि शेवटचा शब्द हलकेच खाली ठेवायचा. आणि मराठीत शेवटचा शब्द पुष्कळदा 'नाही' असतो. यंत्राला तो श्वास वाटला. त्याने तो कचरा म्हणून झाडून टाकला, आणि मागची पुढची वाक्यं अशी बेमालूम जोडली की जोड कळू नये. काही ठिकाणी 'करता येत' असं अर्धं वाक्य लटकत राहिलं होतं, ते तरी खटकलं असतं. पण जिथे जिथे 'येणार नाही', 'असणार नाही' होतं, तिथे कायदा व्याकरणशुद्ध मराठीत उलटा झाला होता.

"किती जणांकडे गेलंय हे?" प्रितमने विचारलं.

"एकतीस. आणि विद्यापीठाची परीक्षा नऊ दिवसांवर आहे."

दुपारभर तिने फोन केले. एकतीसच्या एकतीस मुलांना. "कायद्याचं पुस्तक आजपासून ऐकू नका, ते चुकीचं आहे, चूक माझ्याकडून गेलीय." काही जण घाबरले, काही चिडले. बोरिवलीचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मी दोनदा पाठ केलंय. आता काय काय विसरू?" सपना म्हणाली ते मात्र तिला सर्वांत लागलं. "दोन दिवस मला वाटत होतं, ताई, डोळे तर नाहीतच, आता कानही गेले माझे."

वसुधाताईंना सांगणं राहिलं होतं. फोनवर सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मित्रा, माझाच आवाज खाली जातो गं शेवटी. मुलं शाळेतसुद्धा म्हणायची."

"ताई, तुमची काही चूक नाही. माणसाला ऐकू येतं ते. मला आलं होतं."

"एकदा लाव बरं. ऐकव मला."

संघमित्राने लावलं. स्वतःच्याच आवाजात, स्वतः कधीच न उच्चारलेलं वाक्य वसुधाताईंनी ऐकलं.

"हे मी म्हणाले नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिकवलं मी. मुलांना चुकीचं एक वाक्य सांगितलं नाही. आणि हे माझ्या तोंडी घातलं? मी येते उद्या."

"अहो, इतक्या लांब कशाला?"

"छापील पुस्तक माझ्याकडे आहे, आणि तुला वाचता येत नाही. मी येणार."

दुसऱ्या दिवशी त्या टॅक्सी करून मुलुंडला आल्या, सोबत चष्मे दोन, पुस्तक एक आणि डब्यात थालीपीठं. खूण काढून टाकून बावीसच्या बावीस प्रकरणं पुन्हा बाहेर काढायची आणि पुन्हा ऐकायची, असं ठरलं. सव्वीस तासांचं पुस्तक. कान संघमित्राचे, डोळे वसुधाताईंचे. एक ओळ ऐकायची, छापील ओळीवर बोट ठेवायचं, "हो" म्हणायचं, पुढे जायचं. जुनी बिघडलेली फाइलही त्या बरोबर तपासत होत्या, कारण मुलांना नेमकं कुठे काय चुकलं ते कळवायला हवं होतं. वसुधाताई वहीत रेघा मारत होत्या. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्र्याहत्तर रेघा झाल्या, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगं, अर्धं शास्त्रच पालथं घातलंय की ह्याने."

पाच दिवस त्या रोज आल्या. शेवटी चारशे बारा जागा निघाल्या. परीक्षेच्या तीन दिवस आधी सुधारलेलं पुस्तक आणि चुकांची यादी सगळ्यांकडे पोचली.

पण संघमित्राचं समाधान होईना. कंपनीचं एक कार्यालय अंधेरीला होतं. हेल्पलाइनवरून तिला तीनदा 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' एवढंच उत्तर आलं होतं. एका शुक्रवारी प्रितमने सुट्टी टाकली आणि दोघं तिथे जाऊन बसली. दीड तासाने केयूर नावाचा एक तरुण इंजिनिअर बाहेर आला. नम्र होता, घाईत होता.

"मॅडम, ते फीचर लोकांना खूप आवडलंय. गप्पांचे कार्यक्रम करणारे असतात ना, त्यांना मधले पॉज नको असतात. म्हणून आम्ही ते आधीपासूनच चालू ठेवलं."

"पॉज नव्हता तो," संघमित्रा म्हणाली. "मराठी येतं ना तुम्हाला?"

"म्हणजे काय! पार्ल्याचाच आहे मी."

"मग ऐका." तिने फोन पुढे केला. आधी मूळ वाक्य लावलं, मग यंत्राने काढलेलं.

केयूरने दोन्ही ऐकलं. स्वतःच हात पुढे करून परत लावलं. प्रितमने नंतर तिला सांगितलं की त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला मात्र एवढंच कळलं की त्याचा घाईतला श्वास थांबला.

"बापरे," तो हळूच म्हणाला. "उलटंच झालं की."

"अशी चारशे बारा. कायद्याच्या परीक्षेच्या पुस्तकात."

"आम्ही टेस्ट केलं होतं, मॅडम. पण..." तो अडखळला. "आवाज सगळे इंग्रजी होते. तिथे 'नॉट' वाक्याच्या मध्येच येतो ना."

"आणि ती खूण मला दिसत नाही, ऐकूही येत नाही. तुमच्या पडद्यावर मला सगळं 'बटण' आहे. हे टेस्ट कोणी केलं?"

त्याने आतून वही आणली आणि तिने सांगितलेलं एकेक लिहून घेतलं, पाऊण तास.

महिन्याभराने नवी आवृत्ती आली. खूण आता आपोआप होत नव्हती. चौकोनाला नाव मिळालं होतं, कॉम्प्युटर ते नीट वाचत होता. बाकीची बटणं मात्र बटणंच राहिली, आणि तिचे आणखी दोन शॉर्टकट बदलले होते.

सपनाने कॉलेजातल्या सरांकडे दोन्ही ध्वनिफिती नेल्या. सरांनी ऐकल्या, आणि ज्या वर्गात सगळे तिला हसले होते त्याच वर्गात त्यांनी त्या मोठ्याने लावल्या. चाचणीचे गुण काही बदलले नाहीत, यादी आधीच वर गेली होती. विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र पुरावा कायद्यात तिला एकाहत्तर मिळाले.

संघमित्रा अजून त्याच टेबलाशी, त्याच सॉफ्टवेअरवर काम करते. दुसरं शिकायला वेळ नाही आणि केंद्राकडे दुसरं नाहीही. फरक एवढाच, की आता बाहेर पडलेली प्रत्येक फाइल ती पुन्हा पहिल्यापासून ऐकते. कामाचे तास दीडपट झालेत. जूननंतरच्या तीनपैकी, ह्या सगळ्या धावपळीत मागे राहिलेली दोन पुस्तकंही तिने आता तपासायला काढली आहेत. परवा आरोग्याच्या पुस्तकात तिला एक वाक्य सापडलं. 'हे औषध गरोदर स्त्रियांना देता येणार.' तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि फोन उचलून ते पुस्तक गेलेल्या मुलांच्या यादीतलं पहिलं नाव लावलं.